कागदावर गुडघा

गुरुवारी बाबांना मी सव्वादोनची वेळ दिली होती आणि ते पाऊण वाजताच येऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. मला ते आवडलं नाही. लवकर आलेला पेशंट काचेतून सारखा दिसत राहतो, आणि ओळखीचा असला तर नजरानजर झाली की दर वेळी हसावं लागतं. बाबांना माझ्या हसण्याची गरज नव्हती. उजवा पाय पट्ट्यात आवळून काठीसारखा पुढे ताठ ठेवलेला, आणि मान लिफ्टकडे. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी कुठल्याही इमारतीत शिरले की आधी तिथली लिफ्ट ऐकायचे. बघायचे नाहीत, ऐकायचे. मी त्यांना आत घ्यायला दार उघडलं तर म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर थांबताना ती दचकते. तुमच्या साहेबांना सांग."

"बाबा, ते आमचं खातं नाही."

"खातं नसलं तरी वर येतेस त्याच लिफ्टने ना?"

त्यांच्या स्वतःच्या इमारतीतल्या लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ते जिन्याने उतरत, आणि तीन आठवड्यांपूर्वी जिन्यानेच त्यांना दगा दिला होता. शेवटच्या दोन पायऱ्या. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून, ओढून बघितला, मांडीपासून नडगीपर्यंत ताठ पट्टा बांधला, पाय वाकवायचा नाही म्हणून सांगितलं आणि सूज उतरल्यावर एमआरआय लिहून दिला. कागदावर तीन शब्द होते. उजवा गुडघा. लिगामेंट? प्रश्नचिन्ह डॉक्टरांचं, उत्तर आम्ही द्यायचं. एमआरआयच्या खोलीत मी चौदा वर्षं नोकरी करते आणि अशा कागदांवर ती उभी आहे. डोकं लिहिलेलं असेल तर डोकं, कंबर लिहिलेली असेल तर कंबर. कुणी म्हणालं की ताई, आलोच आहे तर खांद्याचाही काढा, तर हसून नाही म्हणायचं. हे हसणं मला चांगलं जमतं.

आत नेण्याआधी फॉर्म भरावा लागतो. मी विचारलं, "शरीरात कुठे धातूचा तुकडा? स्क्रू, पट्टी, छर्रा?"

"जिभेला गंज चढलाय, असं तुझी आई म्हणते."

मी 'नाही'वर खूण केली. पट्टा सोडला, दोन्ही मोजे काढले. मोज्याच्या वरच्या कडेचा वळ पोटरीखाली खोल उमटला होता, बोट ठेवलं तर बुडेल इतका. दुसऱ्या पायावर तो नव्हता. मला हे दिसलं. दिसलं आणि मनात आलं की आईने नवे मोजे आणलेत वाटतं, रबर घट्ट आहे. मग मी गुडघा कॉइलमध्ये बसवला. कॉइल म्हणजे प्लास्टिकची जाड नळी, दोन अर्धी मिटवून गुडघ्याभोवती लावायची. बाजूंनी स्पंज खोचले, घोट्यावर वाळूची पिशवी ठेवली, बाबांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि हातात रबरी फुगा दिला. घाबरायला झालं तर दाबा, म्हटलं.

"आणि दुखलं तर?"

"दुखतंय म्हणूनच आलात ना?"

हे मला त्या वेळी विनोदी वाटलं होतं. त्यांनाही वाटलं असावं, कारण ते म्हणाले, "बरं बरं, फोटोवाली बाई, काढ." हे नाव त्यांनी मला ठेवलं होतं. मी डॉक्टर होणार, असं एके काळी घरात ठरलं होतं. प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून सांगायला सुरुवात केली, बाबा, माझं नाव यादीत, आणि त्यांनी बोट वर केलं. थांब, म्हणाले. पंखा ऐक. आम्ही तिघंही पंखा ऐकत उभे राहिलो: मी, आई आणि दादा. पंख्याच्या आवाजात खरंच काहीतरी खरखर होती, ती त्यांच्याशिवाय कुणाला कळली नसती. मग स्टुलावर चढून त्यांनी पंखा उतरवला आणि संध्याकाळपर्यंत त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडून ते बसले होते. माझं नाव यादीत नव्हतं हे त्यांना आईने जेवताना सांगितलं. ते बोट मी विसरले नाही. शाळेतल्या भांडणापासून माझ्या मोडलेल्या लग्नापर्यंत मी त्यांना जे जे सांगायला गेले, त्याच्या मध्ये कुठे ना कुठे ते बोट वर झालं होतं; कधी फ्रिजसाठी, कधी पाण्याच्या पंपासाठी. यंत्रं त्यांच्याशी बोलत होती आणि आम्ही मध्ये मध्ये बोलत होतो.

म्हणून काचेच्या अलीकडे बसून, माइकचं बटण दाबून त्यांना 'हलू नका' म्हणण्यात मला थोडी गोडी होती. हे मी आज लिहिते आहे; त्या दिवशी मला ते माहीत होतं असं म्हणणार नाही. नुसतं जाणवत होतं की आज खोली माझी आहे, यंत्र माझं आहे आणि आवाजही माझाच आहे.

पहिली सिरीज, म्हणजे चित्रांची एक फेरी, चार मिनिटांची. ती संपली की यंत्र गप्प होतं, मागच्या थंड करणाऱ्या पंपाची चुकचुक तेवढी राहते. त्या शांततेत त्यांचा आवाज माझ्या टेबलावरच्या स्पीकरमधून आला. "हे चुकचुक कायम असतं?" मी म्हटलं, असतं, हलू नका. "सूर बरा आहे त्याचा," ते म्हणाले. आणि मग, "अगं, हा गुडघा नाही दुखत इतका. खाली दुखतंय. पोटरीत. आतून ताणल्यासारखं."

"कागदावर गुडघा लिहिलाय, बाबा."

"कागद ज्याने लिहिला त्याची पोटरी दुखत नाहीये."

मी दुसरी सिरीज सुरू केली. ती सुरू करण्याआधी नेहमीची एक गोष्ट करते, तीही केली. गुडघ्याच्या मागून मोठी रक्तवाहिनी जाते, ती ठोके देते, आणि त्या ठोक्यांच्या सावल्या चित्रभर पसरून नेमक्या लिगामेंटवर पडतात. म्हणून गुडघ्याच्या वर आणि खाली आम्ही एकेक पट्टी आखतो. पट्टी म्हणजे पडद्यावर माउसने ओढलेला नुसता चौकोन. पण त्या चौकोनातून वाहत आलेलं रक्त चित्रात मुकं होतं, काळं पडतं. मग मधल्या लिगामेंट स्वच्छ दिसतात. हे काम सगळे करतात. मी ते जरा जास्त चांगलं करते, असं आमच्याकडे म्हटलं जातं.

दुसऱ्या सिरीजनंतर ते पुन्हा म्हणाले, "पोटरी बघ गं एकदा. उगाच सांगत नाही मी." त्यानंतरच्या दोन सिरीजमध्ये मला त्यांचं काही ऐकू आलं नाही. बाहेर तीन पेशंट बसले होते, त्यातल्या एकीच्या कडेवर मूल रडत होतं. बाबांना टेबलावरून उठवलं तेव्हा त्यांनी पोटरीला हात लावून माझ्याकडे बघितलं. मी मोजा चढवत म्हटलं, "आईला सांगा तेल लावून चोळायला. तीन आठवडे एका जागी बसलात, आखडली असेल."

"कुठलं तेल?"

"कुठलंही. जोर लावून चोळायला सांगा."

ते लिफ्टने खाली गेले. दार लागताना त्यांनी मान तिरपी केली होती. तिसऱ्या मजल्याची वाट बघत असणार.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला, खुर्चीत बसून पट्टा बांधताना ते आईला म्हणाले की दम लागतोय. आईला वाटलं, वाकून बांधताहेत म्हणून. तिने वाकून पट्टा हातात घेतला आणि तो बांधून होईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोहोचले तेव्हा अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरने हातमोजे काढून ठेवले होते. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली असणार, ती सुटून फुप्फुसात गेली, असं तो म्हणाला. हळू आणि नीट सांगितलं त्याने. आईने त्याला विचारलं, "काल मी पाय चोळला. अर्धा तास. त्याने?" त्याने लगेच नाही म्हणायला हवं होतं. तो आधी माझ्याकडे बघू लागला, मी त्याच इमारतीतली म्हणून असेल, आणि मग म्हणाला, "तसं म्हणता येत नाही." नाही, आणि तसं म्हणता येत नाही, यांत जे अंतर आहे त्यात माझी आई त्या सकाळपासून राहते आहे.

दादा संध्याकाळी आला. तो दुसऱ्या शहरात शाळेत शिकवतो, आणि दुःख झालं की त्याला माहिती लागते. रडून झाल्यावर त्याने फोन काढला. "अशा वेळी चोळायचं नसतं म्हणे," तो म्हणाला. त्या 'म्हणे'मध्ये त्याने स्वतःला वाचवलं होतं. "हे बघ, इथे लिहिलंय. गाठ असेल तर मालिश अजिबात नाही." आई पलंगाच्या कडेला बसली होती. तिने आपले दोन्ही हात उचलले आणि मांड्यांखाली घातले, थंडीत घालतात तसे. ती सवय तिला तेव्हा लागली ती लागलीच. भाजी चिरायला ती हात बाहेर काढी, चिरून झाली की पुन्हा आत.

"तुझ्याकडे होते ना दुपारी?" दादाने मला विचारलं. "तुला नाही बोलले काही?"

मी म्हटलं, "मशीनचा आवाज किती असतो माहीत आहे का तुला? आतला माणूस ओरडला तरी बाहेर ऐकू येत नाही."

हे खरं आहे. मशीन चालू असताना खरं आहे. खोटं बोलायचं तर आपल्या धंद्यातलं बोलावं, कुणी पडताळायला येत नाही. दादाने मान हलवली. आईने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "तिला कशाला विचारतोस? तिने तर शेवटचं केलं त्यांचं." बाबांनी घरी जाऊन तिला नक्की काय सांगितलं होतं? चोळ, एवढंच? की तुझ्या लेकीने चोळायला सांगितलंय? ती माझ्यावर पांघरूण घालत होती की तिला खरंच माहीत नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. पुढे महिनाभर आईकडे राहून, रोज तिच्या समोर बसून जेवताना मी तो चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. आयुष्यभर माणसांच्या आतलं बघायचं काम केलेल्या बाईला आईच्या चेहऱ्यावरचं एक वाक्य लागत नव्हतं. विचारलं तर कळलं असतं. विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं.

शनिवारी हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला होता. मीच घेतला. रिपोर्ट आलाय, लिगामेंट पूर्ण तुटली आहे, काकांना ऑपरेशनसाठी कुठला वार सोयीचा आहे? मी म्हटलं, कळवते.

दोन आठवड्यांनी कामावर गेले. लोक चांगले वागले. रजेचा अर्ज कुणी मागितला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आमचे सर, रिपोर्ट लिहिणारे मोठे डॉक्टर, शिकाऊ मुलामुलींना घेऊन अंधाऱ्या खोलीत बसले होते. कागद द्यायला मी आत गेले आणि भिंतीवर गुडघा होता. कोपऱ्यातलं नाव झाकलेलं होतं. पुरुष, अडुसष्ट. नाव झाकलं तरी काय, गुडघ्याची वाटी जराशी बाहेर कललेली, ती माझ्याही गुडघ्याला आहे. "गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट एकमेकींवर फुली मारून जातात," सर सांगत होते. "मागची बघा, दोरीसारखी सलग. पुढची इथे, तिचं हे झालंय. इतकी स्वच्छ चित्रं तुम्हाला पुस्तकात मिळणार नाहीत. रक्तवाहिनीची एक सावली नाही कुठे. ज्यांनी काढलीत त्या तुमच्या मागे उभ्या आहेत." मुलांनी वळून बघितलं. एका मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. मी हसले. सवयीनं आलं ते.

ती सगळी गेल्यावर मी चित्रं उघडली. लिगामेंट बघितल्या नाहीत. गुडघ्याच्या चकत्या कराव्या तसे आडवे काप बघितले, वरून खाली, एकेक. गुडघ्यामागे दोन गोल असतात, शेजारी शेजारी: एक धमनीचा, एक शिरेचा. पट्टी लावल्यावर वाहतं रक्त काळं पडतं, म्हणून दोन्ही काळे हवेत. होते. एकोणीस कापांपर्यंत दोन्ही काळे होते. विसाव्यात शिरेचा गोल करडा झाला. एकविसाव्यात, बाविसाव्यात उजळत गेला, फुगला, शेजारच्या काळ्या गोलाला त्याने दाबून चपटं केलं. तेविसावा शेवटचा. त्याच्या खाली चित्र नव्हतं, कारण त्याच्या खाली गुडघा नव्हता. जे रक्त वाहत होतं ते माझ्या पट्टीने गप्प केलं होतं. जे थांबलं होतं ते चार कापांतून उजेड दाखवत उभं होतं. ते दिसावं म्हणून मी काही केलेलं नव्हतं आणि तरी ते माझ्याच कामामुळे इतकं स्पष्ट दिसत होतं. बाबांना हे आवडलं असतं. यंत्र आधी सांगतं, असं ते म्हणायचे, मग बिघडतं. मधल्या वेळात आपण चहा पीत असतो.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून शेवटचे चार काप पुढे-मागे करून बघितले. मग म्हणाले, "शिरेत रक्त सावकाश वाहत असेल तरीही असं दिसतं."

"हो, सर."

"मी बघितलं नव्हतं, असं नाही. म्हणजे, नजर गेली असेल. पण आपल्याला विचारलं काय होतं? लिगामेंट. आपण उत्तर काय दिलं? लिगामेंट." त्यांनी चित्र मिटवलं. "मनाला लावून घेऊ नका. कागदावर पोटरी नव्हती."

मी त्यांचे आभार मानले. वाक्य माझंच होतं. ते बाहेरून ऐकल्यावर किती शहाण्या माणसाचं वाटतं हे कळलं. तेवढ्या दिवसात मी बरीच पुस्तकंही वाचली होती, मरणाबद्दलची, चांगल्या लोकांनी लिहिलेली. त्यांतला शोक कसा स्वच्छ असायचा. कुणी गेलं, कुणी रडलं, मागे खुर्ची राहिली. कुणाच्याच शोकात असं बसलेलं नव्हतं की आपण सोडून दुसरं कुणीतरी आपली शिक्षा भोगतंय आणि आपण त्याला जेवायला वाढतोय.

काल रविवार. दादा पुन्हा आला होता, बाबांच्या हत्यारांच्या पेटीचं काय करायचं ते ठरवायला. पेटीचं काही ठरलं नाही. अकराच्या सुमाराला जेवणाच्या टेबलाशी बसलो असताना आई एकदम म्हणाली, "तुझ्याकडे तो फोटो असेल ना? दाखव मला."

"कशाला, आई?" दादा म्हणाला.

"बघायचाय. गाठ कुठे होती ते बघायचंय मला."

मी लॅपटॉप आणला. सीडी माझ्याच पर्समध्ये होती, महिनाभर. आईने चष्मा पुसून लावला आणि हात पुन्हा खाली घातले. मी गुडघा दाखवला, वाटी दाखवली, तुटलेली लिगामेंट दाखवली. ती सगळं बघत होती, पोरांच्या शाळेच्या वहीत बघावं तसं. "हे त्यांचं हाड?" हो. "स्वच्छ आहे," ती म्हणाली. मग मी तेविसावा काप लावला आणि तो उजळ गोल दाखवला.

"इथून सुरू होते. बाकीची खाली, पोटरीत."

"मग खालचा फोटो कुठाय?"

"तो काढला नाही. कागदावर गुडघा लिहिला होता."

दादाने खुर्ची जवळ ओढली. "म्हणजे चोळण्याच्या आधीच होती."

"हो. दुपारीच."

"हां, पण सुटली चोळल्यामुळेच," तो म्हणाला, आणि लगेच, "तसं नाही गं आई, मी आपलं विचारतोय."

आई पडद्यावरच्या त्या गोलाकडे बघत होती. "मी विचारलं होतं त्यांना," ती म्हणाली. "चोळताना. म्हटलं, जोरात होतंय का? तर म्हणाले, होऊ दे. दात आवळून बसले होते. मला वाटलं, बरं वाटतंय." ती पडद्याच्या आणखी जवळ वाकली. "नुसतं चोळ चोळ म्हणाले. लेक त्याच कामात आहे, दुपारभर तिच्याकडे होते, तिला एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? तिने बघितलं असतं."

म्हणजे तिला माहीत नव्हतं. एक महिना मी ज्या वाक्यासाठी तिचा चेहरा वाचत होते ते तिथे कधी नव्हतंच.

"बाबांचं नेहमीचंच," दादा म्हणाला. "जगातल्या सगळ्या मोटरींचं दुखणं सांगतील, स्वतःचं सांगायचं म्हटलं की तोंड शिवलेलं."

"तेच ना," आई म्हणाली. "असा कसला हट्ट माणसाचा. मरायची वेळ आली तरी बोलायचं नाही."

तिच्या आवाजात राग होता. महिनाभरात पहिल्यांदा तो तिच्या स्वतःवर नव्हता, आणि त्यामुळे ती जरा सैल होऊन बसली होती; एक हात मांडीखालून निघून टेबलावर आला होता. मी गप्प राहिले असते तर दुसराही आला असता. दादा पेटी घेऊन गेला असता. बाबा हट्टी ठरले असते, न बोलता गेलेले, आणि तसेच राहिले असते आमच्याकडे, कायमचे, नुसत्या फोटोतले, कुणाला उत्तर देता न येणारे. मी लॅपटॉप मिटला.

"बोलले होते," मी म्हटलं.

"कोण?" दादा म्हणाला.

"बाबा. मला. पोटरी दुखतेय म्हणाले, आतून ताणल्यासारखं. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी कागद दाखवला. दुसऱ्यांदा म्हणाले, उगाच सांगत नाही मी. चोळायला मी सांगितलं, आई. जोर लावून, असं मीच सांगितलं."

"अगं, पण त्या आवाजात तुला—" आई म्हणाली. तिला अजूनही मला त्यातून बाहेर काढायचं होतं.

"दोन सिरीजच्या मध्ये आवाज नसतो. माझ्या टेबलावर स्पीकर आहे, त्याला बटण आहे. मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं, आई. मला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून मी बटण फिरवून त्यांचा आवाज बंद केला."